उंटाच्या वाटेवरचं प्यादं

मित्रांनो, पट मांडला की तुमची नजर आधी राजाकडे जाते, मग वजिराकडे, फार तर त्या ऐटदार घोड्यांकडे. माझ्याकडे कोणी बघत नाही आणि बघावं असं माझ्यात काही नाहीही. मी एक जुनं प्यादं आहे. फणसाच्या लाकडाचं, पिवळसर, डोक्यावरचा गोळा एका बाजूनं झिजलेला. ती झीज एकाच माणसाच्या बोटांची आहे. त्या माणसाची गोष्ट तीच माझी गोष्ट, म्हणून सांगतो. कीर्तनाला बसता तशी मांडी घालून ऐका, म्हणजे मलाही सांगायला हुरूप येईल.

माझा जन्म उरणच्या खाडीकाठच्या एका आगरी गावातला. साल स्वातंत्र्याचं. शाळेपुढे झेंडा चढला आणि त्याच सुमाराला गावच्या विठ्ठलमंदिरातल्या मृदंगाचं खोड उभं तडकलं. खोड म्हणजे मृदंगाचं लाकडी अंग. ते चुलीत घालायला कोणाचा हात होईना. ज्या लाकडावर वर्षानुवर्षं देवाच्या नामाचा ठेका धरला, ते जाळायचं कसं? शेवटी सदा सुतार म्हणाला, "द्या मना. जाळायचं न्हाय ना? मग खेळवू." त्यानं खोडाचे तुकडे केले, खरादावर धरले आणि आमची अख्खी सेना त्यातून उतरली. निम्म्यांना बिब्ब्याच्या तेलानं काळं केलं. आम्हा उरलेल्यांना नुसतं खोबरेल चोळलं. पट शिवला नीराबाईंनी, लाल आणि पांढऱ्या चिंध्यांचा. नीराबाई म्हणजे कोंडाजी बुवांच्या घरच्या. आणि कोंडाजी बुवा म्हणजे आमचे धनी.

बुवा पावसाळ्यात खारीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात, भात लावायचे, दिवाळी सरली की मिठागरावर राबायचे आणि बाराही महिने कीर्तन करायचे. काय सांगू त्यांच्या कीर्तनाचं! अंगावर साधा सदरा, कपाळी बुक्का, गळ्यात वीणा. पहिला अभंग उचलला की मागचे टाळकरी सरळ व्हायचे आणि पुढे बसलेल्या बायाबापड्या हातातली वात तशीच धरून राहायच्या, वळायचं विसरून. रडायला लावायचे आणि डोळे पुसायच्या आत हसवायचे. आमची थैली त्यांच्या झोळीत टाळांच्या शेजारी असायची. जिथे बुवा तिथे झोळी, जिथे झोळी तिथे मी. त्यामुळे जे बुवांनी ऐकलं ते सगळं मीही ऐकलं.

त्यांच्या मृदंगावर काळूराम असायचा. वयानं बुवांहून लहान, अंगानं दांडगा, मनगटं फावड्याच्या दांड्यासारखी. दिवसभर मीठ ओढणारे ते हात संध्याकाळी मृदंगावर पडले की पिसासारखे हलके व्हायचे. बुवांचा शब्द संपायच्या आत काळूरामाची थाप तो झेलायची. लोक म्हणायचे, बुवांच्या गळ्याला काळूरामाचे हात आहेत.

दुपारी हे दोघे मिठागरावरच्या झावळ्यांच्या मांडवात पट पसरायचे. मिठाच्या वाफ्यांत पाणी घेतलं की पुढचं काम उन्हाचं. माणसानं नुसतं थांबायचं. त्या थांबण्यात आमचं सुख होतं.

काळूरामाचा डाव ठरलेला. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि रिकाम्या झालेल्या जागी उंट नेऊन बसवायचा, बिळात खेकडा दबा धरतो तसा. तिथून तो काळा उंट तिरक्या रेषेत पार पटाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या हत्तीच्या घरापर्यंत डोळे लावून बसे. मधलं कोणी जरा हललं की त्याची झडप पडायची.

बुवांचं उत्तरही ठरलेलं. आधी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. मग आपला उंट बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर तो आतच कोंडतो. मग राजापुढचं प्यादं एक घर. आणि मग मी. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं ते मी. मी एकच घर पुढे सरकायचो आणि थांबायचो, नेमका त्या काळ्या उंटाच्या वाटेवर. त्या तिरक्या रेषेत माझ्यापुढे एक भाऊ, माझ्यामागे एक भाऊ आणि त्याच्यामागे हत्ती. पुढचा भाऊ पडला तरी मी असायचोच. बुवा या मांडणीला 'बांध' म्हणायचे. आमच्याकडे खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात. भरती येऊ दे, अमावास्येचं उधाण येऊ दे, पक्का बांध हलत नाही.

"बुवा, तुमी बुद्धिबळ न्हाय खेळत, तुमी खार राखता," काळूराम चिडून म्हणायचा.

"मग तुजा खेकडा काढ की बिळातना बाहेर."

"येल. भूक लागली की येल."

"तंवर माझं भात कापून होतंय, गड्या."

बहुतेक डाव बरोबरीत सुटायचे. उठताना बुवा मला बोटांत फिरवायचे. हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक असेल. रात्रंदिवस कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं. बुवा म्हणायचे, "ह्यो माझा वीणेचा पहारेकरी. जागा सोडत न्हाय." मित्रांनो, एवढी थोर उपमा कोणत्या प्याद्याला मिळाली असेल? मी फुलून जायचो. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली. माझ्या डोक्याची एक बाजू झिजत गेली ती तेव्हाच.

आता पुढचं सांगताना माझा आवाज जड होतो, तो समजून घ्या.

चैत्रात गावात सप्ताह बसायचा. सात दिवस रोज रात्री वेगवेगळ्या बुवांचं कीर्तन, आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. काला म्हणजे गोकुळातली गंमत. कृष्ण आणि सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडतात, सगळं एकत्र कालवतात आणि एकमेकांना भरवतात. कोणाची भाकरी, कोणाचं दही, काही वेगळं उरत नाही. कीर्तन सरता सरता दहीहंडी फुटते आणि सगळा गाव तो काला हातावर घेतो. त्या कीर्तनाला उभं राहणं हा मोठा मान. आधी कोंडाजी बुवांचे वडील उभे राहायचे, त्यांच्यानंतर बुवा. दुसऱ्या कोणाचं नाव कधी निघालंच नव्हतं.

एका वर्षी, सप्ताह तोंडावर आलेला असताना, काळूरामानं डाव मधेच थांबवला.

"बुवा, एक मागायचं हाय."

"माग की."

"औंदा काल्याला मी उभा राहू?"

बुवांचं बोट माझ्या डोक्यावर होतं. ते तिथेच राहिलं.

"आयेसाठी म्हणतोय," काळूराम खाली बघत बोलला. "ती रातांधळी. आमचं घर पडलं मिठागराच्या टोकाला, रातचं बांधावरना यायचं कसं तिनं? मी पाठीवर घेतो म्हणलं, तर म्हणते, लेकाचं ओझं होऊन मी देवाच्या दारात जानार न्हाय. सकाळचं कीर्तन एकच, काल्याचं. म्हणते, तुजा हात लई ऐकला, एकदा तुजं तोंड ऐकू दे."

"काला म्हंजी गंमत न्हाय, काळूराम."

"मी तुमच्या मागंच बसून शिकलोय, बुवा."

"आन् मृदंग कोन धरंल?"

"करंजा गावचा एक गडी येतो म्हणलाय."

बुवांनी पट गुंडाळायला घेतला. ते वाईट नव्हते, मित्रांनो. पण त्या दिवशी त्यांचा हात कसा जड झाला होता, ते मला ठाऊक आहे. वडिलांची जागा सोडवत नव्हती. आणि त्याहून खोल एक भीती होती: ह्याचं चांगलं झालं तर?

गोष्ट गावात पसरली. निम्मे म्हणाले, जुनी रीत मोडू नका. निम्मे म्हणाले, एका सालानं काय बिघडतंय? सप्ताहाचं सगळं बघणारे बाबाजी म्हातारे नेमस्त माणूस. त्यांना भांडण नको होतं. आमच्या गावात पाळीचा तंटा पटावर सोडवायची एक जुनी सवय होती. पालखीचा पुढचा खांदा कोणी धरायचा, खाडीत टाकायचं मोठं जाळं आधी कोणी न्यायचं, असल्या गोष्टी पटावर ठरायच्या आणि हरलेला मुकाट मानायचा. बाबाजी म्हणाले, "दोघंबी पटावर बसणारे. बसा देवळात. जो जितंल त्याचा काला."

सगळ्यांना ते पटलं. देवापुढची सेवा पटावर लावायची नसते, हे कोणालाही सुचलं नाही. जिथे सगळ्यांच्या शिदोऱ्या एक व्हायच्या, त्याच काल्यासाठी दोन गोपाळ समोरासमोर बसवले.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी सकाळी सभामंडपात पट पसरला. गाव भोवती जमला. काळूरामाची आई ठमाबाई उजेडात काठी टेकत बांधावरून आली होती, खांबाला टेकून बसली. दिवसाही तिला बारीक काही दिसत नसावं.

"कोन पुढं हाय रं?" तिनं विचारलं.

"अजून कोनीच न्हाय, काकी," कोणीतरी म्हणालं. "तुज्या लेकाचा उंट बिळात बसलाय."

"आन् कोंडाजी?"

"त्यानं बांध घातला."

"घालनारच तो," ठमाबाई हसली. "त्याच्या बापानं आख्खी खार बांधलेली."

लोक हसले. काळूरामही हसला. बुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. पटावर बसलेल्या माणसाला पटापलीकडचं जग नसतं, आणि त्या दिवशी बुवा जसे बसले तसे मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी माझ्या जागी उभा होतो. काळूरामानं डावीकडून धडक मारली, बुवांनी ती नुसती अंगावर घेतली. त्यानं मधून प्यादं रेटलं, बुवांनी ते मारलं नाही, शेजारून आधार वाढवला. घोडा आला, त्याला हाकलला. काळा उंट टक लावून बसला होता आणि त्याच्या नजरेच्या रेषेत मी. ऊन मंडपाच्या पायरीवर आलं. काळूरामाला बरोबरी चालणार नव्हती. बरोबरी झाली तर रीत आहे तशी राहणार, हे बाबाजींनी आधीच सांगितलं होतं. बुवांना नुसतं टिकायचं होतं. काळूरामाला फोडायचं होतं.

शेवटी त्याचा धीर सुटला. त्यानं बिळातला उंट उचलला आणि माझ्या पुढच्या भावावर घातला. बांध फुटावा म्हणून त्यानं आपलं सगळ्यात मोठं हत्यार फेकलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण बुवांनी मला हलवलंसुद्धा नाही. राजापुढच्या प्याद्यानं तो उंट मारला. बांध जसाच्या तसा. उंट गेल्यावर काळ्या राजाच्या शेजारचं ते बीळ उघडं पडलं. थोड्याच खेळ्यांत आमचा वजीर नेमका त्याच रिकाम्या घरात शिरला, पाठीशी आमचा उंट.

"शह. मात," बुवा म्हणाले.

कोणी टाळी वाजवली नाही. काळूराम उठला, बुवांच्या पायांना हात लावला. "माऊली, काला तुमचाच," म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काय झालं रं?" खांबापाशी ठमाबाईनं विचारलं.

"बुवाच उभं ऱ्हानार, आये."

"असूं दे. गोड गातो तो." तिनं काठी चाचपली. "ऊन चढायच्या आत निघू."

त्या सालचा काला बुवांनी केला. मृदंगावर काळूरामच होता आणि त्यानं हात जराही आखडला नाही. उलट बुवांचा गळा जिथे थकला तिथे त्यानं आपल्या थापेवर तो पेलून धरला. कीर्तन सरल्यावर ठमाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि बुवांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "कोंडाजी, लई गोड झालं हो. आन् माझ्या लेकाचा हातबी उजेडी बसून ऐकला." बुवांच्या हातावरचा काला हातावरच राहिला. तो त्यांनी खाल्ल्याचं मला आठवत नाही.

घरी आल्यावर नीराबाईंनी पाणी दिलं आणि उंबऱ्यात बसल्या.

"बांध लई पक्का घातलात म्हणं."

"घातला."

"उघाडी ठेवलीत का?"

बुवांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मित्रांनो, उघाडी म्हणजे बांधातली झडप. बाहेरचं खारं पाणी अडवायला बांध हवाच. पण आत पडलेलं पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी लागते. ती नसली तर खाडी शिरत नाही, पण भात आपल्याच पाण्यात कुजतं. आमच्याकडे हे शेंबडं पोर जाणतं. नीराबाई तेवढंच बोलल्या आणि चुलीकडे गेल्या.

त्या पावसाळ्यात ठमाबाई आजारी पडली. लावणी उरकली त्या दिवशी बुवांनी गळ्यात वीणा अडकवली, खांद्याला झोळी लावली, डोक्यावर इरलं घेतलं आणि भर पावसात निसरड्या बांधावरून तिच्या घरी गेले. झोळीत मी होतोच. ठमाबाई गोधडीत होती.

"काकी," बुवा म्हणाले, "काळूरामाला उभा करतो. इथंच. वीणा आनलीय. मी टाळ धरतो. तुमी ऐका."

काळूरामानं आईकडे बघितलं. म्हातारी खोकत खोकत हसली.

"चुलीम्होरं काला करतात व्हय रं, येड्या? हंडी कुठं बांधशील, माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला?"

"काकी, देव सगळीकडं असतोय."

"असंल. पन मना देवळात बसून ऐकायचंय. चार बाया शेजारी पायजेत, त्यांनी इचारलं पायजे, कुनाचा लेक गं ह्यो?" ती दमली, थांबली. "पुढल्या चैताला ऐकीन की. मी काय कुठं जातेय?"

बुवांनी पुष्कळ विनवलं. तिनं शेवटी त्यांना खाली बसवलं आणि पेज प्यायला लावली. परतताना बांधावर बुवा दोनदा थांबले. वीणा पावसानं भिजत होती आणि त्यांनी ती झाकली नाही.

ठमाबाईनं नवान्न खाल्लं नाही. भात पिवळं पडायच्या आधीच ती गेली.

पुढच्या चैत्रात बाबाजी विचारायला येण्याआधीच बुवा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, काल्याला काळूराम उभा राहील. गावातून एक शब्द निघाला नाही. काळूराम मात्र नाही म्हणाला. म्हणाला, "आता कुनाला ऐकवू?" बुवांनी त्याच्यापुढे हात जोडले. कीर्तनकारानं आपल्या मृदंग्यापुढे हात जोडलेले त्याला बघवले नाहीत. तो उभा राहिला.

बुवा मागे टाळकऱ्यांच्या रांगेत गेले. झोळी खांबाच्या खुंटीला लटकत होती. मृदंगावर करंज्याचा गडी. काळूरामानं डोळे मिटले आणि अभंग उचलला. मित्रांनो, मी मृदंगाच्या लाकडाचा आहे. कोणता सूर खरा ते मला कळतं. त्याचा आवाज जाडाभरडा होता, बुवांसारखा गोड नव्हता. पण तो सांगत गेला आणि मंडप गप्प होत गेला.

त्यानं एका गोपाळाची गोष्ट सांगितली. गरिबाचं पोर. सगळ्यांच्या शिदोरीत दहीपोहे, ह्याच्या फडक्यात नुसत्या कण्या. लाजेनं तो फडकं पाठीमागे लपवतो. कृष्णाला बरोब्बर त्याचीच शिदोरी हवी. इथवर सगळेच कीर्तनकार सांगतात. काळूराम पुढे गेला. म्हणाला, त्या वेळी त्या पोराची आई घरी काय करत असंल? ती उंबऱ्यात बसलीय. तिला एकच घोर, माझ्या कण्या कुनी खाल्ल्या असतील का? का पोरानं झाडामागं बसून एकट्यानं गिळल्या? दिस कलतो, गायी येतात, पोर धावत येतं आणि लांबूनच ओरडतं, "आये! तुजी शिदोरी आधी संपली गं!"

एवढं बोलून तो थांबला. त्याला पुढचं बोलता येईना. करंज्याच्या गड्यानं ठेका धरून ठेवला, हळू हळू, आणि सगळा मंडप त्या ठेक्यावर डोळे पुसत बसून राहिला. बायांच्या बाजूनं कोणीतरी नवीन आलेल्या सुनेनं विचारलं, "कुनाचे गं हे बुवा?"

"ठमाकाकीचा लेक," नीराबाई म्हणाल्या.

लोक म्हणाले, असा काला गावात झाला नव्हता. सगळ्यांत मोठ्यानं बुवा म्हणाले. पण मी त्यांना ओळखत होतो. कीर्तन बेताचं झालं असतं तर त्यांना रात्री झोप लागली असती. म्हातारीचं फार काही हुकलं नाही अशी मनाची समजूत घालता आली असती. ते इतकं चांगलं झालं, म्हणूनच तिच्यापासून किती हिरावलं ते त्यांना कळलं.

वर्षभर आमची थैली सुटली नव्हती. त्या काल्यानंतर काही दिवसांनी मांडवात बुवांनी भीत भीत पट पसरला. काळूराम बसला. नेहमीसारखं घोड्यापुढचं प्यादं, नेहमीसारखा उंट बिळात. बुवांची पाळी आली. त्यांचा हात माझ्यावर आला, थांबला आणि मला सोडून गेला. त्यांनी टोकाचं प्यादं उगीच सरकवलं. पुन्हा पाळी आली, पुन्हा तसंच. मी घरातच उभा. काळ्या घोड्यानं वाट सोडली, माझा पुढचा भाऊ पडला आणि उंटाची वाट उघडी झाली. आता एक बिनआधाराचं प्यादं टिपलं की मागे कोंडलेला हत्ती आयता मिळणार.

काळूरामानं उंट उचलला आणि हात हवेतच धरला.

"बुवा, हे काय?"

"मार ना."

"हत्ती फुकट देताय?"

"घे रे. मनापासना देतोय."

काळूरामानं उंट परत बिळात ठेवला. घोडा मागे नेला, पडलेला भाऊ पुन्हा पटावर उभा केला. आणि मग, मित्रांनो, त्यानं मला उचललं. इतक्या वर्षांत काळ्या बाजूच्या त्या हातानं मला पटावरून मारून उचललं असेल, पण असं कधी उचललं नव्हतं. त्यानं मला एक घर पुढे नेलं आणि आपल्याच उंटाच्या वाटेवर उभं केलं.

"असं खेळा," तो म्हणाला. "बांध घाला. न्हायतर मना वाटंल, आयेसारखं तुमीबी गेलाव."

बुवांचा चेहरा ओला होता. मिठागरावर माणसाचा चेहरा ओला असतोच. त्यांनी पुढची खेळी केली. तो डाव कसा संपला ते मला सांगता येणार नाही. पाणी आटलं म्हणून हाक आली आणि दोघे फावडी घेऊन उठले.

पुढे बुवा पुन्हा कधी काल्याला उभे राहिले नाहीत. काळूरामही नाही. दर साली बाहेरून कोणीतरी यायचं. हे दोघे मागे, एक टाळाशी, एक मृदंगाशी. मग एका थंडीत बुवा गेले.

आता मी नीराबाईंच्या फडताळात असतो. पटाला कसर लागली आहे, काळ्या हत्तीचा एक कान गेला आहे. दिवाळीला मुंबईहून नातवंडं येतात, थैली उपडी करतात, मला बाटलीचं बूच करतात. करा बापडे. पण खेळून झालं की आम्हांला मोजून थैलीत घाला, ओल लागू देऊ नका आणि एखाद्या दुपारी खरोखर खेळायला बसा. तिरक्या वाटेवर टपलेला उंट कसा अडवायचा, ते मी आनंदानं शिकवीन. ती विद्या खरी आहे आणि मला तिची लाज नाही.

फक्त एवढं करा. समोरच्यानं मागितलेली वस्तू तुम्ही नुसतं 'हो' म्हटल्यानं त्याची होणार असेल, तर तिच्यासाठी पट मांडू नका. आणि मांडलाच, तर डाव कितीही रंगात आला तरी एकदा मान वर करून बघा. खांबापाशी कोणीतरी वाट बघत बसलेलं असतं.